सासूबाई दोन

सासूबाई जावयाच्या मांडीवर बसल्या यात चूक सर्वस्वी जावयाची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

जावईबापू त्या दिवशी पहिल्यांदाच सासूबाईंच्या कामाच्या जागी गेले होते. ही जागा म्हणजे ब्रेलचा छापखाना, आणि सासूबाई तिथल्या मुद्रितशोधक. लहानपणी तापात त्यांची दृष्टी गेली ती परत आली नाही. पण बोटांनी वाचायला जी सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही. छापलेल्या पानावरून त्यांची बोटं अशी पळतात की एखादा ठिपका नीट उमटला नसेल, तर तो घाबरून आपणहून वर यावा.

जावई दाराशी पोचला तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या राहून कपाटात काहीतरी शोधत होत्या. कामात व्यत्यय नको म्हणून हा सभ्य माणूस बूट न वाजवता आत शिरला. बसायला जागा नव्हती. टेबलं, बाकडी, खिडकीची कड, सगळीकडे जाड कागदांचे गठ्ठे. ब्रेलच्या गठ्ठ्यावर बसणं म्हणजे कुणाच्या तरी भूगोलातले डोंगर सपाट करणं, एवढं त्याला कळत होतं. एकच खुर्ची रिकामी होती. ती रिकामी का, हा प्रश्न काही त्याला पडला नाही. तो अलगद टेकला आणि कौतुकाने बघत राहिला.

कपाट बंद झालं. सासूबाई वळल्या, टेबलाच्या कडेवरून हात फिरवत आल्या आणि रोज बसतात तशा निःशंकपणे बसल्या.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. उठायच्या आधी विचारलं.

"मी... जावई."

"कुणाचा?"

"तुमचाच."

"मग तोंड काय शिवलंय?" आता मात्र त्या उठल्या. "दारात नाव सांगायला काय झालं होतं रे तुला?"

त्या 'रे'पासून दोघांमधलं अहोजाहो संपलं. तोवर त्या त्याला रीतसर 'अहो जावईबापू' म्हणत. मुलीने संध्याकाळी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "मांडीवर बसून झाल्यावर कसलं अहोजाहो!"

त्या खोलीचा नियम असा : आत आलात की आधी नाव सांगायचं, मग काम सांगायचं आणि निघताना 'चाललो' म्हणायचं. नियम सासूबाईंचा आणि अंमलही त्यांचाच. त्यांच्या घरीही हाच कायदा होता, आणि तो माहीत नसल्यामुळे जावयाने लग्नानंतरचे पहिले काही महिने फार हाल काढले होते. बायको बाहेरून यायची आणि दारातच म्हणायची, "मी आले. पाणी प्यायला." हा बिचारा धावत जाऊन पेला भरून आणायचा. ती पाणी पिऊन म्हणायची, "चालले. कपडे वाळत घालायला." हा बादली उचलून मागे निघायचा. नवऱ्यांत असा नवरा नाही, अशी त्याची ख्याती माहेरपर्यंत पोचली होती. बायको काही मागत नाही, फक्त जाहीर करते, हे त्याला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तोवर सवय लागली होती आणि बायकोने ती मोडू दिली नाही.

घरात नियम मोडणारे एकटे सासरे. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि अबोल होते. नाव सांगण्याऐवजी ते खोकत. सासूबाईंनी तो खोकला नाव म्हणून मंजूर करून टाकला होता.

मांडीच्या प्रकरणानंतर जावयाला त्या नियमाबद्दल भलतंच कुतूहल वाटायला लागलं. छापखान्यातच त्याने विचारलं, "आई, पण पावलांवरून नाही का ओळखता येत?"

"येतं की. मी सगळ्यांना ओळखते."

कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं. "नळवाल्याला ओळखलं होतं ना, त्यातलंच," ते म्हणाले. हे खाकरणारे म्हणजे यंत्र चालवणारे गृहस्थ. मग त्यांनीच किस्सा सांगितला. एकदा नळ दुरुस्त करायला माणूस आला. पावलांवरून ते संस्थेचे कार्यवाहच आहेत असं ठरवून सासूबाईंनी त्याला कागदाच्या हलक्या दर्जाबद्दल फैलावर घेतलं. नळवाला मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी चांगला कागद आणतो, पण गळतंय कुठे ते सांगा."

"त्याने नाव सांगितलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

या गृहस्थांना छापखान्यात 'काका दोन' म्हणत. ते नोकरीला लागले तेव्हा काका या नावाने एक शिपाई आधीच वावरत होते. नव्या माणसाने दारात "मी काका" म्हटलं, तर आतून शिपाई म्हणाले, "काका मी आहे." भांडण नको म्हणून हे काका दोन झाले. पुढे पहिले काका निवृत्त झाले, नाव मोकळं झालं, पण काका दोनना बढती द्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्यांच्याही नाही.

आता काका दोनच निघाले होते. परगावी मुलीकडे राहायला जायचं होतं. खरी अडचण तिथे होती.

शेजारच्या खोलीत एम्बॉसर होता, म्हणजे कागदावर ब्रेलचे ठिपके ठोकणारं यंत्र. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा त्याचा आवाज, म्हणून तो लाकडी पेटीत ठेवलेला. त्याला लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा एक जुना कंप्युटर जोडला होता. सासूबाईंनी आपल्या टेबलावरून पान पाठवायचं ते या कंप्युटरकडे. पण पाठवायचं तर त्याचा नंबर, म्हणजे त्याचा पत्ता, ठाऊक हवा, आणि वीज जाऊन आली की तो नंबर बदलायचा. मग काका दोन चष्मा सावरत टेबलाटेबलाशी जायचे आणि नवा नंबर भरायचे. सासूबाईंच्या कंप्युटरला वाचा होती. पडद्यावरचं सगळं तो मोठ्याने बोलून दाखवायचा. फक्त नंबर भरायची ती एक खिडकी तेवढी त्याला वाचता येत नव्हती. तिथे डोळसच माणूस लागायचा.

काका दोन गेल्यावर हे करणार कोण? त्यापेक्षा यंत्रच दुसऱ्या गावच्या मोठ्या छापखान्याला देऊन टाकू, असं कार्यवाहांच्या मनात आलं होतं. तिथे डोळस माणसंही होती आणि मुद्रितशोधकही होते.

"म्हणजे यंत्र गेलं की माझी खुर्ची गेली," सासूबाई म्हणाल्या. "घरी बसून काय करू? तुझ्या सासऱ्यांचा खोकला तपासू?"

हे त्या हसत म्हणाल्या, पण त्यांची बोटं समोरच्या पानावर एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. ती ओळ बरोबर होती.

जावयाचा धंदाच कंप्युटरांची जाळी जोडून देण्याचा. तो म्हणाला, "आई, नंबर लक्षात ठेवायचेच कशाला? यंत्रालाच सांगायला लावू. मी अमुक, मी ठिपके ठोकतो, मी इथे आहे."

"आणि ऐकणार कोण?"

"जाळ्यातले सगळे. ज्याला गरज असेल तो हाक मारेल."

सासूबाईंची बोटं थांबली. "हा तर माझा नियम झाला."

"लिनक्सवर त्यासाठी प्रोग्राम आहे. अवाही."

"आवाहनातला?"

"नाही हो. लीमर म्हणून माकडासारखा एक प्राणी असतो. त्याच्या एका जातीचं नाव."

"माकड होय! मग जमेल तुला."

कार्यवाहांनी सोमवार दिला. सोमवारी ते येणार, सासूबाईंनी आपल्या जागेवरून, कुणाचा हात न लागता पान छापून दाखवायचं. जमलं तर यंत्र राहील.

जावई कामाला लागला. अवाही घालणं सोपं होतं. कंप्युटर सुरू झाला की तोही पडद्यामागे सुरू होतो आणि न बोलता बसून राहतो. इथे मात्र तो जरा जास्तच न बोलता बसला. एम्बॉसरचा कंप्युटर ओरडून सांगतोय, असं त्याच्या नोंदी सांगत होत्या, पण बाकीच्या कंप्युटरांना काही ऐकूच येईना. जावयाने वायरी तपासल्या. सासूबाईंनी, आपल्याला त्यातलं कळतं अशा आवाजात, प्लग काढून पुन्हा लावायला सांगितलं. तेही करून झालं.

शेवटी लक्षात आलं, की मधे फायरवॉल होती. न बोलावता आलेल्या प्रत्येकाला दारातूनच हाकलून देणारी पहारेकरीण. या हाका ठरलेल्या एका खिडकीतून येतात. ती खिडकी तेवढी उघडी ठेवायला तिला सांगावं लागलं.

मग दुसरीच भानगड. हाका ऐकू यायला लागल्या, पण नावाने शोधलं की कंप्युटर म्हणे, असं कुणी नाही. नावाचा पत्ता कुणाकुणाला विचारायचा याचा क्रम एका छोट्या फाइलीत लिहिलेला असतो. त्यात 'आधी स्वतःला विचार, मग बाहेरच्या जगाला विचार' एवढंच होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं त्यात कुठेच नव्हतं.

"म्हणजे माणूस शेजारच्या खोलीत," सासूबाई म्हणाल्या, "आणि हा पत्ता विचारत गावभर हिंडतोय."

"तसंच."

"माझ्या नणदेचा स्वभाव."

जावयाने त्या ओळीत शेजाऱ्यांची सोय केली. आता सासूबाईंनाच राहवेना. "काय बोलतात रे ही यंत्रं? मला ऐकव."

त्याने आपल्या लॅपटॉपला वाचा दिली आणि जाळ्यातल्या सगळ्या घोषणा एकामागून एक ऐकवल्या. कुणी प्रिंटर आहे म्हणत होतं, कुणी फायली ठेवायची जागा. सासूबाई मान कलती करून, हनुवटी मुठीवर टेकून ऐकत होत्या. मधेच आवाज म्हणाला, 'भांडार टीव्ही.'

"भांडारात टीव्ही आहे?" सासूबाई ताठ बसल्या. "तरीच सामन्याच्या दिवशी भांडारपालाला कागद सापडत नाही!"

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. दोघांनी एकच नाव सांगितलं तर?

"नाव घ्यायच्या आधी तो विचारतो, या नावाचं कुणी आहे का? जरा थांबतो. कुणी बोललं नाही तर नाव त्याचं. कुणी आधीच असेल तर हा पुढे दोन लावून घेतो."

"काका दोन," सासूबाई म्हणाल्या.

"बोला," कोपऱ्यातून काका दोन म्हणाले.

"तुम्हाला नाही. आणि काय रे, जाताना 'चाललो' म्हणतात का?"

"नीट बंद केलं तर म्हणतात. नुसतं झाकण मिटलं किंवा वायर उपटली तर नाही. मग बाकीच्यांना काही वेळ वाटत राहतं, आहे म्हणून."

"ते वाईट," सासूबाई म्हणाल्या. एकदा आपल्या लहानपणच्या शाळेची सगळी हकीकत, अगदी पहिलं अक्षर बोटांखाली आलं तिथपर्यंत, त्यांनी समोर बसलेल्या पाहुण्याला सांगितली होती. पाहुणा मधेच उठून गेला होता. खुर्चीने मात्र सगळं ऐकून घेतलं. हे सांगताना त्यांनी हसायला हवं होतं, पण त्या हसल्या नाहीत.

शनिवारी जावयाने घरी लॅपटॉपवर सगळी मांडणी करून पाहिली. त्यासाठी एक खोटा प्रिंटर तयार केला. पाठवलेलं पान तो निमूट गिळून टाकायचा. त्याला नाव काय द्यावं? एम्बॉसरचा दिवसभराचा ठणठणाट आठवून, एकही ठिपका न चुकवणारा तो तोरा आठवून, त्याने प्रेमाने नाव दिलं : सासूबाई. बायकोने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "सोमवारच्या आत बदल हं."

"हो गं."

रविवारी छापखाना बंद. किल्ली घेऊन तो एकटाच गेला आणि तीच मांडणी एम्बॉसरच्या कंप्युटरवर जशीच्या तशी उतरवली, नावासकट. टेबलावरच्या प्रत्येक कंप्युटरवर एम्बॉसर आपोआप दिसायला लागला. तपासताना त्याने बोलणारे आवाज बंद ठेवले होते, कारण त्याला डोळे होते. तालमीला या म्हणून सासूबाईंना विचारलं होतं, पण त्या म्हणाल्या, "यंत्र तुझं, तालीम तुझी. रविवारी मी ठिपक्यांना हात लावत नाही."

सोमवारी कार्यवाह आले. भले गृहस्थ. दारातच म्हणाले, "कार्यवाह. पाहायला आलोय." सासूबाईंनी मान डोलावली. काका दोन भिंतीला टेकून उभे होते. जावई खिडकीच्या कडेवरचा एक गठ्ठा सरकवून कसाबसा टेकला होता.

"रोजची रड विजेची आहे," कार्यवाह म्हणाले. "तेव्हा आधी यंत्राचा कंप्युटर बंद करून चालू करा. मग बघू."

काका दोननी केला. जुना कंप्युटर, उठायला वेळ घेणार. वाट पाहता पाहता जावयाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि उघडला. एम्बॉसरची हाक आली की आपल्याला आधी कळावी, एवढाच हेतू. शेजारच्या खोलीत शेवटी यंत्र जागं झाल्याची टकटक ऐकू आली.

सासूबाई आपल्या खुर्चीत सरसावून बसल्या. त्यांनी कळ दाबली. त्यांच्या कंप्युटरचा आवाज खणखणीत होता.

'सासूबाई. तयार.'

जावयाने कपाळाला हात लावला. नाव बदलायचं राहिलं होतं.

"कोण तयार?" कार्यवाहांनी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. क्षणभरही न थांबता त्यांनी पान पाठवलं.

'पान पाठवले,' आवाज म्हणाला.

सगळ्यांचे कान शेजारच्या खोलीकडे. गारा पडेनात. एकही ठिपका वाजेना. कार्यवाहांनी घड्याळ पाहिलं, मग छताकडे पाहिलं. काका दोननी जावयाकडे पाहिलं. सासूबाई तशाच ताठ बसून होत्या, मात्र टेबलावर ठेवलेल्या हाताचा अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरत होता, जणू तिथे काही लिहिलंय का पाहत होता.

"बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे," कार्यवाह सावकाश म्हणाले, "पण हे असं रोज..."

"थांबा." सासूबाईंनी पुन्हा कळ दाबली.

'सासूबाई. तयार.' आणि त्यापाठोपाठ, 'सासूबाई दोन. तयार.'

सासूबाईंनी मान वळवली. "दोन म्हणजे मागून आलेली," त्या म्हणाल्या. मग नव्या माणसाला दरडावतात त्या आवाजात त्यांनी सगळ्या खोलीला विचारलं, "हे नाव आधी कुणी घेतलंय? बोला!"

जावयाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुना कंप्युटर झोपलेला असताना लॅपटॉपने विचारलं होतं, या नावाचं कुणी आहे का? कुणीच बोललं नव्हतं. मग नाव शनिवारच्या त्या खोट्या प्रिंटरने घेतलं, आणि पानही त्यानेच गिळलं.

"आई," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य टाळता येईल का हे त्याने प्रामाणिकपणे शोधलं. टाळता येत नव्हतं. "सासूबाई... माझ्या मांडीवर आहेत."

"पुन्हा?" काका दोन म्हणाले.

कार्यवाहांना आधीची हकीकत ठाऊक नव्हती. त्यांनी एकदा जावयाच्या मांडीकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि समोरच्या बाकड्यावर बसण्याचा विचार केला. बाकड्यावर भूगोल होता. ते उभेच राहिले.

"एक सासू पुरली नाही का रे तुला?" सासूबाई म्हणाल्या. "तिला नीट निरोप देऊन पाठव. नुसतं मिटू नको."

जावयाने तो खोटा प्रिंटर रीतसर बंद केला. सासूबाईंच्या कंप्युटरवरून पहिली सासूबाई लगेच नाहीशी झाली. राहिली ती दोन. सासूबाईंनी पान पुन्हा पाठवलं.

आणि गारा कोसळल्या. लाकडी पेटी थरथरली, खिडकीची तावदानं वाजली. कार्यवाह काहीतरी बोलले ते कुणालाच ऐकू गेलं नाही. काका दोन आत जाऊन पान घेऊन आले आणि त्यांनी ते सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाईंनी आधी बोटं फिरवली. मुद्रितशोधकाची सवय, स्वतःच्या पानावरही विश्वास नाही. मग तेच पान त्यांनी परत काका दोनच्या हातात ठेवलं.

"काय लिहिलंय?" कार्यवाहांनी विचारलं.

काका दोन इतकी वर्षं ब्रेल डोळ्यांनी वाचत आले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला. "लिहिलंय, 'काका यांस. जाताना सांगून जाणे.'" मग थांबून म्हणाले, "बाई, 'दोन' राहिलं."

"राहिलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "बढती आहे."

काकांनी पान घडी न करता, ठिपके दबू न देता, छातीशी धरलं. कार्यवाह दाराकडे वळले. "यंत्र राहू दे इथेच," ते म्हणाले. "कुठे हलवत बसायचं! आणि तो कागद बदलायचं मी बघतो." मग दारातून, नियम आठवून, जरा मोठ्यानेच म्हणाले, "चाललो!"

काकाही त्यांच्या मागोमाग गेले. "चाललो," तेही म्हणाले, आणि आज ते रोजच्यापेक्षा हळू म्हणाले. सासूबाई त्यांना दारापर्यंत सोडायला उठल्या आणि तिथेच काही वेळ बोलत उभ्या राहिल्या.

इकडे जावयाला काम सुचलं. यंत्राचं नाव बदलायला हवं होतं, ते सासूबाईंच्या कंप्युटरवरून सहज होणार होतं, आणि बसायला एक जागा नुकतीच रिकामी झाली होती. तो बसला, आणि कळफलकावर बोटं ठेवून विचार करू लागला. आता नाव तरी काय द्यायचं? एम्बॉसर एक? नुसतंच यंत्र? की सासूबाईंच्या मनात काही असेल? टेबलाच्या कडेवरून हात फिरवत येणाऱ्या पावलांकडे त्याचं लक्षच नव्हतं, आणि जेव्हा गेलं तेव्हा त्या अगदी जवळ आल्या होत्या.

"आई," त्याने विचारलं, "यंत्राचं नाव काय ठेवू?"

"नाव राहू दे, तू आधी माझ्या खुर्चीतून ऊठ."